उस्तादांची ताकीद

पोलीस ठाण्याच्या दारात उस्ताद दिसले आणि नवनाथ बाकावरून ताडकन उठला. खडीचा डंपर चालवायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

"उस्ताद, मोटारसायकलवाला वळणावर एकदम समोर आला. ब्रेक मारला, पण..." डंपरची चावी अजून त्याच्या मुठीत होती. "तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. खाली उतरलोच नाही. लोक जमायच्या आत गाडी थेट इथं आणली."

उस्ताद लंगडत आत आले. अशाच एका अपघातात जखमीला उचलायला ते डंपरमधून खाली उतरले होते, तेव्हा जमावानं त्यांचा पाय मोडला होता. तेव्हापासून ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला बजावत, थांबायचं नाही, आधी पोलीस ठाणं गाठायचं.

"फार लागलंय का त्याला?" नवनाथनं विचारलं.

"गेला. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ रस्त्यावर पडून होता. लगेच आणला असता तर वाचला असता."

उस्तादांनी हातातला जेवणाचा डबा बाकावर ठेवला. एका बाजूनं तो पार चेपला होता. नवनाथनं डबा ओळखला. रोज दुपारी उस्तादांचा मुलगा मोटारसायकलवरून तो खाणीवर घेऊन यायचा.

नवनाथ त्यांच्या पायाशी कोसळला. "हेल्मेट होतं हो... ओळखलंच नाही. माझं चुकलं, उस्ताद."

सवयीनं उस्तादांचा हात त्याच्या डोक्यावर गेला.

"नाही रे," ते म्हणाले. "शिकवलं तसंच केलंस."