जिवंत विरजण

"हे जिवंत विरजण आहे. यात औषध घालाल तर मरेल," सुगंधानं नवऱ्याला दहादा बजावलं होतं. गूळपाण्यात वाढवलेले पोटाचे चांगले जंतू तिनं कोळंबीच्या सकाळच्या खाद्यात कालवले, खाद्य तळ्यात टाकलं आणि ती घरी गेली.

दामोदरला कुठला धीर! आठवडाभर कोळंबी खाद्याला तोंड लावत नव्हती. ती खाते का ते बघायला पाण्यात सोडलेला चेक ट्रे त्यानं दोरीनं वर ओढला. खाद्य जसंच्या तसं. बांधावर येरझारा घातल्या, पुन्हा ओढला. तेच. पुन्हा. तेच. शेवटी त्यानं जंतू मारायच्या औषधाची पुडी दुपारच्या खाद्यात रिकामी केली आणि ते तळ्यात भिरकावलं.

तेवढ्यात त्याच तळ्याच्या पलीकडच्या बांधावरून, घरून परतलेल्या सुगंधाची हाक आली. तिथला दुसरा ट्रे तिनं वर ओढला होता.

"अहो, विरजण लागलं! हा ट्रे कुणी हलवला नाही, तर कसा चाटूनपुसून साफ केलाय बघा. कोळंबीची आतडी काळ्या दोऱ्यासारखी भरलीत! टाका आता दुपारचं खाद्य."

मुठीतली रिकामी पुडी चुरगाळत दामोदर पुटपुटला, "टाकलं."