पाचवं बटण

"मावशी, नीट आठवून सांगा. सदरा घालताना पाहिलंत, की घातलेला पाहिलात?"

वृद्धाश्रमातल्या मावशी रिकाम्या पलंगावरची चादर काढत होत्या. "अगं बाई, सकाळपासून चौथ्यांदा विचारतेयस. मास्तरांनी एका बाहीत हात घातला होता. तेवढ्यात पलीकडून हाक आली, मी गेले. तासाभरानं परत आले तर सगळं संपलेलं. घातला असता गं त्यांनी."

"असता नको मला, मावशी."

बाप हाडाचा शिंपी, म्हणून सगळ्यांचा मास्तर. लेक तयार कपड्यांच्या कारखान्यात गेली. "माझी पोर आणि घाऊक शिवणार!" एवढं म्हणून त्यानं जे तोंड फिरवलं, ते अकरा वर्षं फिरवलेलंच. मागच्या आठवड्यात तिनं स्वतः बेतून, स्वतः शिवून एक सदरा पाठवला होता. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. बाबांनी तो एकदा अंगात घातला असता, तरी तिला जन्मभर पुरलं असतं.

मावशींनी पिशवी आणून दिली. "जसं हाताला लागलं तसं कोंबलंय बघ."

चष्मा, मापाची टेप, दोन पायजमे. तळाशी सदरा. तिनं तो उघडून नाकाशी धरला. घामाचा मागमूस नाही. नुसता कोऱ्या कापडाचा वास.

"नाहीच घातला," ती म्हणाली. "बाही लांब झाली असेल. नावं ठेवायला हात घालून बघितला असेल, दुसरं काय!" आणि तिला रडू कोसळलं.

नाक पुसत ती घडी घालायला लागली, तर बोटाला काहीतरी टोचलं.

बटणं तिनं मशीनवर लावली होती. वरची चार आता हातानं लावलेली होती. प्रत्येकाच्या बुडाशी दोऱ्याचे तीन घट्ट वेढे. गिऱ्हाइकाचं काही का असेना, स्वतः घालायच्या सदऱ्याला बटण हातानंच, हा बाबांचा जुना हट्ट. पाचवं अर्धवट होतं. दोरा अजून ओवलेला, सुई लोंबत होती.

"अगं, रक्त येतंय," मावशी म्हणाल्या. "काढ ती सुई आधी."

तिनं सदरा पोटाशी धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबा बटण लावतायत."