मधमाशीचं नाणं

खरं पुरातन नाणं बाळगलं तर तुरुंग, नक्कल विकली तर माफ, असा तुर्की कायदा. म्हणून शिपायांनी संग्रहालयात आणलेला नकली नाणी पाडणारा कारागीर हुल्की उस्ता निर्धास्त होता. तिथल्या तज्ज्ञ बाई नेरिमान हानमनं त्याचं चांदीचं नाणं तोललं, भिंगातून त्यावरची मधमाशी न्याहाळली, कडेवर ओतीव नकलेची रेघ शोधली. सापडली नाही. “अस्सल आहे. कुठं खणलंस, चोरा?” “खणलं नाही, हानम. ठसा कोरून, घण घालून मीच पाडलंय.” “तू? वीस वर्षं तुझ्या मधमाश्या बघतेय. झुरळंसुद्धा त्यांना बहीण म्हणणार नाहीत!” शिपाई फिदीफिदी हसले. उस्तानं खिशातला ठसा चाचपला. टेबलावर ठेवला की सुटका. हानमच्या तोंडाकडं पाहत त्यानं रिकामाच हात काढला, मनगटं बेडीसाठी पुढं केली. “खणलं, हानम,” तो अदबीनं म्हणाला. “तेवढं ‘अस्सल’ लिहून खाली सही करा.”