भात सोडल्याचा गुण

माझी सून मानसी हिचं वजन दवाखान्यात चौऱ्याहत्तर किलो भरलं. गुडघ्यांसाठी चार किलो उतरवा, असं डॉक्टर म्हणाले. तिनं मोबाइलवर काय पाहिलं कोणास ठाऊक, भात आणि भाकरी दोन्ही बंद केलं. इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या घरात ती महिनाभर काकडी आणि उकडलेल्या अंड्यांवर राहिली.

काल भाताचा व्यापारी आला. आमची वर्षाची पोती त्याच्या काट्यावर वजन होऊन टेम्पोत चढली, तशी मानसी हळूच त्या काट्यावर उभी राहिली.

"सत्तर! आबा, चार किलो उतरलं बघा! तुमच्या भातातच खोट होती."

व्यापारी हसला. "आबा, आता तुमीबी भात सोडा."

ते मला लागलं. परवाच त्याच दवाखान्यात माझं वजन अठ्ठावन्न भरलं होतं. मीही काट्यावर चढलो. पंचावन्न दिसलं.



"शेट," मी म्हणालो, "म्या तर तिन्ही वेळा भातच खातोय. पोती उतरवा खाली."