आकाशगंगेची वजाबाकी

आकाशगंगा कधी खोटं बोलत नाही. केपटाउनच्या त्या संस्थेत हे वाक्य दारावरच रंगवलेलं होतं. दाराच्या आत नोलुवो पडद्यासमोर बटणापाशी उभी होती.

आकाशगंगेतून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं गणिती प्रारूप तिने तीन वर्षं खपून बांधलं होतं. कुठल्या धुळीतून किती, कुठल्या तापलेल्या वायूतून किती. कारूच्या माळावरल्या रेडिओ-दुर्बिणीच्या डिशने मे ते ऑगस्ट, तिथल्या हिवाळाभर टिपलेल्या नकाशातून आज ते वजा होणार होतं. नियम कडक होता. तोवर नकाशा कुणी बघायचा नाही, आणि सर्वांसमोर एकदा बटण दाबलं की प्रारूपात काडीचा बदल करायचा नाही. आकाशगंगा स्वच्छ पुसली गेली तर नोलुवोची नेमणूक दोन वर्षांनी वाढणार. डाग राहिले तर शुक्रवारी टेबल रिकामं.

नेमणुकीचा कागद प्राध्यापक फुरींसमोर होता. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"वजाबाकीनंतर कोण उरतं बघू," शेजारचा रेनियर पाकात बुडवलेली कूकसिस्टरची मिठाई चघळत म्हणाला. "आकाशगंगा की तू."

"तू आधी तोंड पूस," नोलुवो म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.

पडदा करडा झाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, इस्त्री फिरवल्यासारखा. डाग नाही, ओरखडा नाही. मग टाळ्या पडल्या. रेनियरनेही वाजवल्या, चिकट हातांनी. फुरींनी डोळे टिपले आणि पेन उचललं.

नोलुवो तेवढी पडद्याला नाक लावून उभी होती. कुठल्याही डिशची स्वतःची खरखर असते. आकाशगंगा पुसली तरी ती बारीक रवा सांडल्यासारखी मागे उरतेच. इथे रवाही नव्हता.

"सर, थांबा. ऊम दाविदना विचारते." ऊम दाविद, म्हणजे दाविदकाका, हे माळावर डिशपाशीच राहणारे तंत्रज्ञ.

"विचार की," फुरी हळूच म्हणाले. "पण आधी सही करू दे. पाच सेकंदांचं काम आहे, अगं."

पाच सेकंद ती पेनाकडे बघत राहिली.

"नको, सर," ती म्हणाली. तिने फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ऊम, डिश कशी आहे?"

"कशी असणार, पोरी? मान खाली घालून उभी आहे. तिचं बेअरिंग आलं का तिकडे?"

नोलुवोला आपलाच प्रोग्राम आठवला. डिशकडून आकडे आले नाहीत तर प्रोग्राम अडू नये, म्हणून रिकामी जागा तात्पुरती प्रारूपातल्या आकड्यांनी भरायची. ही सोय नोलुवोनेच गेल्या वर्षी करून दिली होती. तिने स्वतःची आकाशगंगा स्वतःच्याच आकाशगंगेतून वजा केली होती.

फुरींनी पेनाला टोपण लावलं. "कधीपासून बंद आहे, ऊम?"

"एकोणीस मेपासून, प्रोफेसर. मोजणी सुरू व्हायची होती त्याच सकाळपासून. दर सोमवारी मेल टाकतोय की."

रेनियरने मेल उघडले. सोळा होते. प्रत्येकाखाली संस्थेकडून आपोआप गेलेलं उत्तर होतं: नोंद मिळाली, धन्यवाद.