खलबत्ता

कासिमने दार उघडलं आणि समोर सुधीरला बघून तो कडीला हात लावून तसाच उभा राहिला.

“तिळगूळ घे,” सुधीर म्हणाला. पुढचं ‘गोड बोल’ काही त्याच्या तोंडून निघेना. दिवाळीपासून दोघांत शब्द नव्हता. गोड राहू दे बाबा, नुसतं बोल, एवढंच त्याच्या मनात होतं.

सकाळी दूध आणायला उतरला तेव्हा वॉचमन म्हणाला होता, “वरचे कासिमचाचा फ्लॅट विकतायत. मुलाकडे चालले, उलव्याला.” आपल्याशी बिनसलं म्हणूनच असेल, सुधीरला वाटलं. बायको, चारुलता, आंघोळीला गेल्याबरोबर त्याने लाडवांचा डबा उचलला आणि तिला न सांगता एक मजला चढून वर आला.

“ये आत,” कासिम म्हणाला.

कासिमच्या बायकोने, जाहिदाने, पाणी आणून ठेवलं. डबा दोघांच्या मधे. चारुलताचे लाडू चिक्कीच्या गुळाचे, असे टणक की एखादा पायावर पडला तर माणूस लंगडेल. दर संक्रांतीला कासिम दारातच एक तोंडात टाकायचा आणि कडाकडा फोडायचा. आज त्याने एक उचलला, बोटांत फिरवला आणि परत डब्यात ठेवला.

झालं, सुधीरला वाटलं. ज्याला आपला तिळगूळ नको, त्याला आपण कशाला हवे? त्याला रडूच यायला लागलं.

“आधी तू खा,” कासिम म्हणाला.

आली का पंचाईत! सुधीरची जीभ आपोआप उजवीकडच्या दाढेवर गेली. परवाच दातांच्या डॉक्टर क्षिप्राने दटावलं होतं, “काका, ही कॅप कच्ची आहे. पक्की बसेपर्यंत तिळगूळ, चिक्की काही नाही. सण काय, पुढच्या वर्षी पण येतो.” सण येतो हो! वरच्या मजल्यावर माणूस नको का राहायला? सुधीरने डोळे मिटले आणि लाडू तोंडात टाकला.

डाव्या गालात तो गपचूप धरून बसला. चावायची हिंमत होईना.

“चावत का नाहीस?”

“दाढेला कॅप आहे,” सुधीर फुगल्या गालाने कसाबसा म्हणाला. “कच्ची.”

“मग खातोस कशाला, येड्या? काढ! काढ आधी!” कासिमने वाटी पुढे केली.

सुधीरने लाडू वाटीत काढला. “तू घेतला नाहीस म्हणून.”

“मी कशाने खाऊ?” कासिमने आ केला. आत नुसत्या हिरड्या होत्या, एक दात नाही. “दिवाळीच्या आधी सगळे काढले. कवळी टोचते, ती बसलीय कपाटात. भाकरी, मटणाची बोटी, बदाम, असेल ते जाहिदा दुपारी कुटून देते.”

सुधीरने जाहिदाकडे बघितलं. कोपऱ्यात लोखंडी खलबत्ता होता, खाली चौघडी घातलेली गोधडी.

सिडकोची जुनी बिल्डिंग, वर सुई पडली तरी खाली कळतं. रोज दुपारी डोक्यावर ठकठक, ठकठक. दिवाळीतल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुधीर सगळ्यांदेखत उठून म्हणाला होता, “घरात गिरणी टाकलीय काय रे?” अख्खी मीटिंग हसली होती. कासिम तसाच उठून गेला होता.

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“काय करू? सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवू?”

सुधीरला लाज वाटली, भयंकर वाटली.

“गोधडी तेव्हापासून घालते मी,” जाहिदा म्हणाली. “तरी ऐकू येतं का हो, सुधीरभाई?”

येत होतं. “नाही,” सुधीर म्हणाला. तो उठला, खलबत्ता ओढून जमिनीवरच मांडी घालून बसला आणि गोधडी काढून बाजूला ठेवली. डब्यातले दोन लाडू आत टाकले. मग बत्ता उचलला आणि घातला दणका.

चार-पाच घाव झाले असतील, खिशातला फोन वाजला.

“अहो, कुठे आहात?” चारुलताचा आवाज कासिमलाही ऐकू गेला. “वर पुन्हा सुरू झालंय बघा! आज तर सणाचं पण भान नाही मेल्यांना!”

“मीच आहे,” सुधीर म्हणाला आणि फोन ठेवला.

कासिम हसायला लागला. बोळक्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जाहिदाने दुसरी वाटी आणि दोन चमचे आणले. तिळाचा भुगा दोघांनी एकाच वाटीतून खाल्ला, एकाने हिरड्यांनी, दुसऱ्याने डावीकडून.

वाटी संपत आली तसा कासिमचा चमचा थांबला. “उद्या दलाल गिऱ्हाईक घेऊन येतोय,” तो म्हणाला. “फ्लॅट बघायला.”

“किती वाजता?”

“अकरा.”

सुधीरने चमचा चाटून वाटीत ठेवला.

“मग पावणेअकराला खलबत्ता काढून ठेव,” तो म्हणाला. “अकराला मी खालून येतो, भांडायला. बघू कोण घेतंय फ्लॅट.”