सहाचा नेम

अर्ध्या दाढीला साबण तसाच, एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात मंजुळाबाईंचा दंड. चंद्रप्पा भरदुपारी गल्लीत उभे राहून ओरडत होते.

"बाहेर या! समदे बाहेर या! भांडी वाजायलीत!"

चार माणसं दारांत आली. माडीवरच्या खिडकीत भाडेकरू राजकन्याही आली. कमरेला नाण्यांचा पट्टा, कपाळावर घाम. मंजुळाबाईंनी वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो, भूकंप न्हाई. वरची पोरगी नाचायलीय."

गल्ली हसत घरात गेली. चंद्रप्पा मात्र दिवस मावळेपर्यंत अंगणातून हलले नाहीत.

राजकन्या किनवटकडची. लातुरात औषधांच्या दुकानात कामाला होती आणि माडीवर भाड्यानं राहत होती. बेली डान्स तिनं फोनवर बघून बघून अंगात मुरवला होता. पोट आणि कंबर वेगवेगळी खेळवायची, टाचांनी बारीक ठेका धरून अंगभर थरथर उठवायची, असा तो नाच. नांदेडला स्पर्धा होती. जिंकेल तिला तिथल्या नृत्यवर्गात शिकवायचं काम मिळणार होतं. पण सरावाला वेळकाळ नव्हता. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी कामावरून आल्यावर. तिची टाच पडली की खालच्या मांडणीवरची ताटं-तांबे किणकिणायचे आणि चंद्रप्पा धावत बाहेर.

चंद्रप्पा औशाकडच्या गावचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि थोरला भाऊ दगडी भिंतीखाली गेले. त्या पहाटे आधी भांडीच वाजली होती. मांजर असेल म्हणून कुणी उठलं नव्हतं. तेव्हापासून चंद्रप्पा कधी भिंतीला पाठ टेकून बसले नाहीत. झोपायचेसुद्धा अंगणातल्या पत्र्याखाली.

मंजुळाबाई जिना चढून आल्या. "पोरी, तू लेकीसारखी हायस. पन खोली सोड बाई. ह्यांचं काळीज एखाद दिवशी थांबंल."

राजकन्या पट्टा सोडून सतरंजीवर बसली. तिला आई आठवली. घरात ताप असो की पाहुणे, आईचा तुळशीपुढचा दिवा एकाच वेळी लागायचा. गोठ्यातली गुरंसुद्धा त्या वेळेला माना वर करायची.

ती उठून खाली गेली. "काका, रोज सकाळी सहा ते सात. तेवढ्यात भांडी वाजली तर ती मी. बाकी दिवसभर माझी टाच उचलणार न्हाई."

"आन एखाद दिवशी तू नाचलीच न्हाईस तर?"

"देवापुढं सांगते. नेम चुकणार न्हाई."

"बघू," चंद्रप्पा पुटपुटले. "म्हातारपणी मलाच नाचायला लावतीस तू."

पहिले काही दिवस अंग उठायलाच तयार नव्हतं. मग तिनं वाट सोपी केली. पट्टा रात्रीच खिळ्याला अडकवायचा, हात आपोआप जाईल असा. उठलं की आंघोळ, देवापुढं दिवा, मग कोपऱ्यातली तीच सतरंजी. आधी मान, मग खांदे, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी टाचा. अंग मोडून आलं त्या दिवशीही थोडा ठेका ती धरायचीच. खाली कुणीतरी कान देऊन बसलंय, हे तिला माहीत होतं.

खालीही काहीतरी बदलत होतं. आधी चंद्रप्पा सहाच्या आत फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. मग ओट्यावर. मग उंबऱ्यात. एका सकाळी मंजुळाबाईंनी राजकन्याला हातानंच खुणावून खाली नेलं. चंद्रप्पा स्वयंपाकघरात मांडणीखाली बसले होते. हातात बशी आणि पाठ भिंतीला टेकलेली.

"आज कमी वाजलं गं," ते म्हणाले. "रात्री जेवली न्हाईस का?"

मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी दुकानातून सुटायला उशीर झाला आणि राजकन्यानं धावतपळत नांदेडची बस गाठली. मंजुळाबाई चाकूरला लेकीकडे गेल्या होत्या, चंद्रप्पा मठात भजनाला. सकाळी सहाच्या आत फोन करू, असं तिनं ठरवलं.

पण नांदेडला, बहीण उज्ज्वलाच्या घरी, रात्रभर वीज नव्हती. पहाटे उज्ज्वलानं हाक मारली तेव्हा दोघींचेही फोन बंद पडलेले. राजकन्या चुटपुटली. मग म्हणाली, आधी नेम. तिथल्या देव्हाऱ्यापुढं तिनं दिवा लावला आणि गच्चीवर गेली.

सहाला तिनं टाच टेकली आणि अंग आपसूक चालू लागलं. कुठं अडखळ नाही, कुठं धाप नाही. आज आपणच जिंकणार, हे तिला नाचतानाच कळलं. वेळ मोडली नाही, फक्त जागा बदलली. काकांना सांगितलं की तेही हसतील.

स्पर्धेसाठी दम राखून ती साडेसहालाच खाली आली. पट्टा सोडून तिनं खाटेवर ठेवला. वीज आली होती. फोन जरा जागा होताच तिनं चंद्रप्पांना लावला.

"काका, मी राजकन्या. माझं चुकलं, काल सांगायचं राहूनच—"

"चुकलं कसलं?" चंद्रप्पा भलतेच खुशीत होते. "आज तर लई जोरात झालं की! वरची कढई बी खाली आली. आन ही गल्ली बघ, येड्यावानी समदी बाहेर पळालीय. मला हाका मारायलेत. म्या आतूनच सांगितलं, आरं, आमच्या पोरीचा नेम हाय ह्यो, जावा घरी."

राजकन्यानं खाटेवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यातलं एकही नाणं हलत नव्हतं.

"काका, तुम्ही आधी बाहेर—"

"हे घे, बोलता बोलता पुन्हा सुरू केलंस व्हय? वाजव बाई, वाजव. मी बसलोय निवांत, भिंतीला टेकून."